तीन वर्षांखालच्या बाळासाठी अंगणवाडी: सातारा जिल्ह्यातल्या सेवेचं परीक्षण

साताऱ्यात, कराडात किंवा वाई-कोरेगावकडच्या गावांत "अंगणवाडीत जातंय का?" असं विचारलं, की समोरचा तीन वर्षांच्या पोराबद्दल बोलायला लागतो. त्याआधी अंगणवाडीशी संबंध येतो तो लसीच्या दिवशी आणि आहाराच्या पाकिटापुरता. या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग मात्र बाळ तीन वर्षांचं होईपर्यंतच्या काळातला आहे, आणि घरोघरी नेमका तोच वाया जातो. म्हणून हे परीक्षण फक्त त्या भागाचं आहे: दरमहा वजन-उंची, गृहभेट, घरपोच आहार, पालक मेळावा आणि गरज पडली तर पुढे दवाखान्यात पाठवणं.

निकाल आधीच सांगायचा तर, ही सेवा पूर्ण मोफत आहे आणि नीट चालली तर तिला तोड नाही. दर महिन्याला तेच बाळ, तोच काटा, तीच ताई (अंगणवाडी सेविका) आणि वजनानंतर पाच मिनिटांचं बोलणं, हे खासगी दवाखान्यात सहसा मिळत नाही. पण वजन नुसतं उरकलं, तर रजिस्टर आणि मोबाइल भरण्यापलीकडे काही घडत नाही. जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेच्या अंगणवाड्या सापडतात, कधीकधी एकाच गावाच्या दोन वस्त्यांवर. आपल्या वाट्याला यातली कोणती येते, ते बरंचसं पालक काय मागतात यावरही ठरतं.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातली सुरुवात मेळघाटातल्या धारणीची. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (पुढे दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तेव्हापासूनच्या. लहान बाळाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं हे पालकांना शिकवण्याचा भाग त्या मानाने नवा आहे. महाराष्ट्रात तो 'आरंभ' उपक्रमातून आला. त्याची पायाभरणी वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने झाली. २०२४ मध्ये केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात ३६ महिन्यांचं महिनावार वेळापत्रक आणि १४० कृती आहेत. आपल्या अंगणवाडीत हे वेळापत्रक आहे का, असं ताईंना सरळ विचारावं. बहुतेक ठिकाणी ते असतं, पण कपाटात.

नोंदणीत साताऱ्याकडे एक अडचण हमखास येते. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर आई सासरी परत. मधल्या काळातली वजनं कोणाच्याच खात्यात नसतात. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवता येतो, पण त्यासाठी आईने दोन्हीकडच्या सेविकांना सांगावं लागतं. निघायच्या आधी माहेरच्या ताईंकडून माता-बाल संरक्षण कार्डावर सगळी वजनं लिहून घ्यावीत. ट्रॅकरवर काहीही असो, कार्डावर असलेलं हरवत नाही. आईच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हेही तेव्हाच पाहावं. घरपोच आहार देताना आता मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. नंबर नवऱ्याचा आणि नवरा मुंबईत, अशा घरी ओटीपीसाठी फोनाफोनी सुरू होते. जावळी आणि पाटणच्या डोंगरी वाड्यांवर रेंजचा प्रश्न वेगळाच. तिथे ओळख पटेपर्यंत ताईंचा निम्मा वेळ दारात उभं राहण्यात जातो. हा दोष ताईंचा नव्हे.

आता वजन. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात आणि सगळ्यांत जास्त फायदाही इथेच आहे.

सात-आठ महिन्यांचं बाळ महिन्याला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम वाढतं. टांगायच्या काट्यावर दोन रेघांमध्ये १०० ग्रॅमचं अंतर असतं. म्हणजे महिन्याची सगळी वाढ तीन-चार रेघांत येते. झोळी २०० ग्रॅमची असेल आणि ती अडकवल्यावर काटा शून्यावर आणला नसेल, तर निम्मी वाढ खोटी ठरते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी काटा शून्यावर आणला, तर बाळ घटल्यासारखं दिसतं, घरात घबराट होते आणि सासू सुनेच्या दुधावर घसरते. यात बाळाची चूक नसते, आईचीही नसते.

नीट वजन असं होतं. काटा आढ्याच्या वाशाला किंवा भक्कम हुकाला, डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला. रिकामी झोळी अडकवून, स्क्रू फिरवून काटा शून्यावर. बाळाच्या अंगावर फक्त पातळ झबलं. स्वेटर, कानटोपी, लंगोटाची घडी, चांदीचे वाळे सगळं काढलेलं. महाबळेश्वर-मेढ्याकडे थंडीत आया स्वेटर काढू देत नाहीत, हे समजण्यासारखं आहे. अशा वेळी खोली बंद करून, बाळाला आईच्या पदराखाली उबेत ठेवून शेवटच्या क्षणी काढावं. तेही नको असेल तर स्वेटरचं वजन वेगळं करून वजा करावं. बाळ झोळीत पाय झाडत असताना आकडा वाचायचा नाही. काटा डोलायचा थांबू द्यायचा. आकडा समोरून वाचायचा, बाजूने वाचला की एखादी रेघ इकडची तिकडे होते. आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लगेच लिहायचा.

आता बऱ्याच अंगणवाड्यांत डिजिटल काटे आहेत. त्यांची अडचण वेगळी. शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल फरशीवर ठेवले की आकडा बदलतो, आणि सेल उतरत आले की तो मनाला येईल तसा दिसतो. घरात एक किलोची साखरेची बंद पिशवी असते. काट्यावर शंका असेल तर ती ठेवून पाहावी. याने कोणाचा अपमान होत नाही. चांगल्या ताई स्वतःच असं करतात.

उंचीबद्दल थोडक्यात. दोन वर्षांखालचं बाळ झोपवून मोजायचं, दोन वर्षांवरचं उभं करून. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली की आकडा फसवतो. झोपवून मोजायला दोन माणसं लागतातच: एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळव्याला फळी लावायची. एकट्या ताईंनी घेतलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नये. मदतनीस नसेल तर आईने डोक्याकडे बसावं.

आकडा मिळाला की काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. कार्डावर मुलींचा आणि मुलांचा आलेख वेगवेगळा असतो. हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, त्याखाली नारिंगी. घरचे फक्त रंग पाहतात आणि "हिरव्यात हाय ना, मग झालं" म्हणून उठतात. पाहायची असते ती रेघ. हिरव्या पट्ट्यातलं बाळ दोन महिने जागचं हललं नाही, तर पिवळ्या पट्ट्यात राहून दरमहा वर चढणाऱ्या बाळापेक्षा त्याची काळजी जास्त करावी लागते. म्हणून वजन झाल्यावर एवढंच म्हणावं: "ताई, मागच्या महिन्याचा ठिपका आणि ह्या महिन्याचा ठिपका जोडून दाखवा." रेघ आडवी दिसली तर पुढचा प्रश्न, या महिन्यात काय झालं? जुलाब, ताप, दात येणं, आईचं उसाच्या लागणीला किंवा सोयाबीनच्या काढणीला जाणं, यांतलं काहीतरी सापडतंच. जुलाब झाले असतील तर ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्यायच्या, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. गोळ्या मधेच बंद करणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिन्यांपासून पुढे वापरतात. ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध, हात सैल सोडून, कातडीला टेकेल एवढीच ओढायची. करकचून ओढली की चांगलं बाळही पट्टीच्या लाल भागात दिसतं. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना.

घरपोच आहाराबद्दल लोकांची तक्रार असते ती चवीची, आणि कधी पुरवठा वेळेवर न येण्याची. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पाकिटात काय येतं हेही बदलत राहतं. पण हिशेब समजून घेतला पाहिजे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातून ३०० दिवस, रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हे या आहाराचं ठरलेलं माप आहे. तो पूरक आहार आहे, घरच्या जेवणाच्या जागी तो धरायचा नाही. बहुतेक घरांत मात्र ते पाकीट सगळ्यांच्या शिऱ्यात जातं, आणि बाळाला चहात बुडवलेलं बिस्किट मिळतं. साताऱ्याच्या खेड्यांत बाळाच्या आहाराचं सगळ्यात मोठं नुकसान या चहा-बिस्किटाने केलं आहे. पोट भरतं, भूक मरते, लोह मिळत नाही, आणि चहा वरच्या जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही.

ताईंनी वाटी दाखवून सांगायला हवं ते असं. सहा महिने पूर्ण झाले की दिवसातून दोन-तीन वेळा, दोन ते तीन मोठे चमचे मऊ अन्न. नऊ महिन्यांपासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. इथली वाटी २५० मिलीची धरली आहे, देवाजवळची वाटी नव्हे. आणि आईचं दूध चालूच. अन्न चमचा कलता केला तरी घळकन पडणार नाही इतकं दाट हवं. डाळीचं पाणी, भाताची पेज यांत पाणीच जास्त, त्याने पोट फुगतं आणि वजन तिथेच राहतं. माण-खटावची ज्वारी, जावळी-पाटणची नाचणी, कोरेगावचा घेवडा, घरचे शेंगदाणे, अंडं, पालेभाजी, तेल-तुपाचा एक चमचा, यांतून काय काय एका वाटीत आलं ते मोजावं. आईचं दूध धरून अन्नाचे आठ गट मानतात, रोज त्यांतले किमान पाच यायला हवेत. शेंगदाणे कूट करूनच. वर्षाच्या आत मध नको, बाळगुटीत उगाळूनही नको. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. ते आशाताईंकडे मिळतं, मागावं. त्याने शी काळपट होते, म्हणून घाबरून बंद करू नये.

पालक मेळावा हा या सेवेतला सगळ्यांत सुंदर भाग. कसा लावला जातो यावर त्याचं सगळं अवलंबून आहे. चांगल्या मेळाव्यात भाषण नसतं. अंगणवाडीच्या आवारात किंवा मारुतीच्या देवळात सतरंज्या पसरून चार-पाच ठिकाणं मांडलेली असतात. एका सतरंजीवर उशा-गोधड्यांचा उंचवटा, रांगणाऱ्या बाळांसाठी. दुसरीकडे आरसा आणि चिंध्यांची बाहुली. तिसरीकडे चित्रं, बडबडगीतं. चौथीकडे डबे-झाकणं, वाट्या, चमचे. पाचवीकडे वाटीचं माप आणि आहार. एकेका ठिकाणी आई-बाबा बाळाला घेऊन दहा मिनिटं बसतात.

यातली एक कृती पाहण्यासारखी असते. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर चमचा ठेवायचा, त्याच्या देखत त्यावर रुमाल टाकायचा आणि थांबायचं. बाळ रुमालाकडे बघतं, आईकडे बघतं, पुन्हा रुमालाकडे. इथे दहातल्या नऊ आया हात पुढे करून रुमाल उचलतात. जाणत्या ताई आईचा हात अलगद धरून ठेवतात. पाच, दहा, कधी वीस सेकंद जातात. मग बाळ रुमाल ओढतं. दिसत नसली तरी वस्तू तिथेच असते, हे त्या क्षणी त्याने स्वतः शोधलेलं असतं. आईला समजतं की शिकवायचं म्हणजे कधीकधी थांबायचं. मेंदू तीन वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो, हे वाक्य भिंतीवर लिहिलेलं असतं. या रुमालाच्या खेळाने ते घरी पोचतं.

मेळावा बिघडतो तो ठरलेल्या कारणांनी. पाहुण्यांची वाट पाहण्यात तास जातो, तोवर बाळं भुकेजून रडायला लागतात. ॲपवर टाकायचे फोटो आधी निघतात आणि खेळ नंतर गुंडाळले जातात. खेळणी दुकानातली, चकाचक मांडलेली असतात, त्यामुळे आयांना वाटतं हे आपल्याला परवडणारं नाही. खरं तर घरचा डबा आणि चार वाट्या पुरतात. फक्त सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू, म्हणजे चिंचोके, मणी, बटणं, तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती द्यायच्या नाहीत. बाटलीत डाळ घालून खुळखुळा केला तर झाकण चिकटवून बंद करायचं.

आणखी एक उणीव म्हणजे बाप आणि आजी. पाटण-जावळीकडे बाप मुंबईला, फलटण-कराडकडे कारखान्याच्या किंवा एमआयडीसीच्या पाळीला, कितीतरी घरांत फौजेत. सकाळी अकराच्या मेळाव्याला ते येणार कसे? गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी किंवा गणपतीत मेळावा ठेवला, तर मुंबईकर गावात असतात. हे ठरवणं ग्रामपंचायतीला आणि ताईंना सहज जमण्यासारखं आहे. आजीला मात्र कोणत्याही दिवशी बोलवता येतं, आणि बोलवलंच पाहिजे. आई रानात गेल्यावर दिवसभर बाळ तिच्याकडे असतं. आजीला आहाराच्या सतरंजीवर बसवून "आजी, तुमच्या वेळी वरचं अन्न काय द्यायचा?" असं विचारलं की नाचणीचं सत्त्व, मऊ भात, तूप, सगळं निघतं. मग चहा-बिस्किटाचा विषय काढला तर ती ऐकते. उपदेशाने सुरुवात केली तर ऐकत नाही.

गृहभेटीचा दर्जा सगळ्यांत कमी-जास्त. चांगली भेट म्हणजे ताई बसतात, बाळाला खेळताना पाहतात, आईला काय जमतंय ते आधी सांगतात आणि एकच नवी गोष्ट देऊन जातात. वाईट भेट उंबऱ्यावर होते. आशाताईंच्या भेटी वेगळ्या: जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि पुढे ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्यात. दोघींनी एकमेकींना विचारून भेटी वाटून घेतल्या तर आईला महिन्यात दोनदा कोणीतरी भेटतं. तसं न करता दोघी एकाच आठवड्यात येतात आणि तेच प्रश्न विचारतात.

विकासात बाळ मागे आहे का, हे ओळखण्यात मात्र ही सेवा कमी पडते, आणि त्याला घरचेही जबाबदार असतात. "त्याचा बापबी उशिरा बोलायला लागला" हे वाक्य ऐकलं की ताई गप्प बसतात. ठोकताळे असे: बाळ साधारण सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं आणि अठरा महिन्यांच्या आत एकटं चालतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलतं. यांतलं काही राहिलं, हाकेला बघत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल किंवा आधी येत असलेलं विसरलं असेल, तर वाट बघायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, अशा चारही गोष्टी मोफत तपासतात. पथक येण्याची तारीख ताईंकडून आधी घ्यावी, त्या दिवशी बाळ घरी झोपलेलं असेल तरी उठवून न्यावं. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट न पाहता चिठ्ठी घेऊन साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय गाठावं. चिठ्ठीवर शंका नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. "तपासणीसाठी" एवढंच लिहिलं तर केसपेपर भलत्याच खोलीत जातो.

मर्यादाही आहेत. अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. मजुरीला जाणाऱ्या आईचा दिवसभराचा प्रश्न ती सोडवत नाही, आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. सातारा-कराड शहरांत भाड्याच्या एका खोलीत वर्ग, धान्य आणि वजनकाटा सगळं एकत्र. तिथे वजनाचा वार विचारूनच जावं. ऊसतोडीच्या हंगामात कराडकडच्या फडावर बीडकडून आलेल्या टोळ्यांची बाळं कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, असतात. त्यांची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी जवळच्या अंगणवाडीतून आहार आणि वजन मिळायला हवं. मुकादमाला किंवा टोळीतल्या बाईला हे सांगणारं कोणीतरी गावातलंच लागतं, कारण टोळी पहाटे फडात जाते आणि अंधार पडल्यावर परतते.

वजन होत नसेल किंवा आहार दोन महिने आला नसेल, तर आधी ताईंना विचारावं. पुरवठाच नसेल तर त्यांच्या हातात काही नसतं. मग बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिका, आणि त्यानंतर पंचायत समितीतले बालविकास प्रकल्प अधिकारी. अर्जात बाळाचं नाव, अंगणवाडी क्रमांक आणि कोणत्या महिन्याचं काय मिळालं नाही हे लिहावं, कार्डाची झेरॉक्स जोडावी आणि पोच घ्यावी.